हिरवी रेघ

"छतापासून सुरू कर. वरून खाली. तुझ्या माहेरी गाडी नव्हती, म्हणून सांगावं लागतंय."

सासूबाईंनी फाटकाच्या आत सावली बघून खुर्ची टाकली होती. सुनेने दोन बादल्या आणून ठेवल्या, एक शाम्पूची, एक साध्या पाण्याची.

"आई, नक्की धुवायची ना? ह्यांना उठवून एकदा विचारू का?"

"झोपू दे त्याला, पहाटे आलाय. आणि विचारायचं काय त्यात? डोळे फुटलेत का तुझे?"

डोळे शाबूत होते. फुटला होता तो गाडीचा डावा दिवा. त्याच्यापासून दारापर्यंत, पांढऱ्या पत्र्यावर, हातभर लांब हिरवी रेघ उमटली होती. मागच्या सीटवर रक्त होतं. मुलाचा शर्ट न्हाणीघरात भिजत पडला होता आणि बादलीतलं पाणी लाल झालं होतं. त्यात पेपरवाला सांगून गेला की पहाटे पुलाजवळ कोणी तरी सायकलवाल्याला उडवलं. सासूबाईंना एवढं पुरे होतं.

एकुलता एक मुलगा. तो तुरुंगात गेला तर मी जगायची नाही, हे त्यांनी सुनेला सकाळपासून चार वेळा ऐकवलं होतं. अशा वेळी कोणतीही आई हातावर हात ठेवून बसत नाही. ती सुनेला कामाला लावते.

सुनेने छत धुतलं, काचा धुतल्या, बॉनेट धुतलं. मग मागचं दार उघडलं.

"गरम पाणी आण सीटला," सासूबाई म्हणाल्या.

"गरम नको, आई. रक्ताचा डाग गरम पाण्याने पक्का बसतो."

"बरीच माहिती आहे की! मग गार घे, पण हात चालव."

सून वाकून सीट घासू लागली. थोड्या वेळाने तिने हळूच विचारलं, "पण आई, मागच्या सीटवर रक्त कसं आलं असेल?"

"ह्या घरात बायकांनी प्रश्न विचारायची पद्धत नाही."

ते मात्र खरं होतं. या घरात ज्याला जे कळायचं ते घरच्यांच्या सोयीने कळत असे. गेल्या वर्षी सुनेचे वडील वारले तेव्हा मुलाच्या साहेबांचं कुटुंब चार दिवस मुक्कामाला होतं. फोन सासूबाईंनी घेतला. मायलेकांनी दार लावून विचार केला की आत्ता रडारड सुरू झाली तर पाहुण्यांचं कोण बघणार? सुनेचा मोबाइल मुलाने दुरुस्तीच्या नावाखाली कपाटात ठेवून दिला. तिला सांगितलं ते पाचव्या दिवशी, पाहुण्यांची गाडी वळणाआड गेल्यावर. तोवर तिकडे सगळं आटोपलं होतं. ती ओरडली नाही, भांडली नाही. "समजूतदार आहे हो पोरगी," असं सासूबाई पुढे कितीतरी दिवस मैत्रिणींना सांगत होत्या.

कुंपणापलीकडून शेजारच्या निवृत्त मास्तरांचं डोकं वर आलं. "काय सूनबाई, आज सकाळी सकाळीच गाडीची आंघोळ?"

"हो काका," सून चांगली मोठ्याने म्हणाली. "आईंनी सांगितलंय."

डोकं खाली गेल्यावर सासूबाई दातओठ खात म्हणाल्या, "गावभर दवंडी पिटायची काय गरज होती?"

"त्यांनी विचारलं म्हणून सांगितलं." तिने स्पंज पिळला. "आई, ही हिरवी रेघ तेवढी निघत नाहीये. राहू दे का?"

"राहू दे?" सासूबाई खुर्चीतून उठल्याच. "त्याच्या सायकलचा रंग असणार तो! त्यावरच अडकवतील माझ्या लेकराला. काही कर, पण काढ."

"बरं. तुम्ही म्हणता म्हणून काढते."

तिने पॉलिशची डबी आणली, जुन्या बनियनचा तुकडा घेतला आणि गोल गोल घासायला बसली. अर्धा तास ती तिथून हलली नाही. दाराच्या फटीत अडकलेला कण न् कण तिने जुन्या टूथब्रशने काढला. फडकं धुतलं, पाणी गटारात ओतलं. सासूबाईंनी चष्मा लावून पत्र्यावरून बोट फिरवलं आणि लग्नानंतर पहिल्यांदाच त्यांना सुनेच्या कामात खोट सापडली नाही.

तेवढ्यात फाटकाशी जीप थांबली. इन्स्पेक्टर उतरले. मागोमाग हातात पेटी घेतलेला एक चष्मेवाला उतरला.

"ही गाडी ना?"

"हीच, पण ती दोन दिवस जागची हललेली नाही," सासूबाई एका दमात म्हणाल्या.

इन्स्पेक्टरांनी ओल्या फरशीकडे पाहिलं. "बाई, पहाटे ही गाडी हॉस्पिटलच्या दारात होती. तुमचा मुलगाच त्या जखमी सायकलवाल्याला मागच्या सीटवर घालून घेऊन आला. आम्हाला फोनही त्यानेच केला. म्हणाला, एक हिरवी गाडी त्याला उडवून पळाली आणि पळताना आमच्या गाडीला घासून गेली. तिचा रंग डाव्या बाजूला लागलाय, तो घ्यायला आम्ही आलोय."

ते खाली बसले. चष्मेवाल्याने भिंग काढलं, पत्र्यावरून सरकवलं आणि नकारार्थी मान हलवली.

"तो सायकलवाला तासाभरापूर्वी गेला," इन्स्पेक्टर उठत म्हणाले. "दुसरा साक्षीदार नाही. तुमच्या मुलाच्या बाजूने बोलणारा तो रंग तेवढा होता. तो नसेल तर सायकलवाल्याला उडवणारी गाडी हीच, असं मला धरावं लागेल. त्यातून तुम्ही ती धुऊन काढलीत, वर खोटंही बोललात."

सासूबाई पुन्हा चष्मा लावून पत्र्यावर हिरवा कण शोधू लागल्या.

बोलण्याच्या आवाजाने मुलगा डोळे चोळत दारात आला. चकचकीत गाडी त्याने पाहिली, पोलीस पाहिले, मग बायकोकडे पाहिलं.

"अगं, पहाटे दार उघडलंस तेव्हाच तुला सगळं सांगितलं होतं ना," तो म्हणाला, "की पोलीस येईपर्यंत गाडीला पाण्याचा थेंबही लागू देऊ नकोस?"