तिसऱ्या ओळीखाली दोन रेघा

गाणं अकराव्यांदा संपलं तेव्हा तपासनीसांनी तिसऱ्या ओळीखाली लाल पेन्सिलीने दुसरी रेघ मारली. पहिली रेघ शंकेची, दुसरी खात्रीची. विमा कंपनीत एकतीस वर्षं त्यांची हीच पद्धत होती. जळालेली गोदामं, चोरीला गेलेल्या गाड्या, जिन्यावरून घसरलेली माणसं, सगळ्यांचे जबाब त्यांनी असेच वाचले होते. ऑफिसात माघारी त्यांना शंकासुर म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही.

आजचा जबाब मात्र त्यांच्या पोटच्या पोरीचा होता. तिच्या बँडचं नवं गाणं. बापाच्या कानाला तिच्या बँडचं संगीत पत्र्याच्या डब्यात खडे घालून हलवल्यासारखं वाटायचं, म्हणून आजवर ते त्या वाटेला गेले नव्हते. पण गेले आठ दिवस बायकोच भाजी निवडता निवडता ते गुणगुणत होती. शब्द कानावर पडले आणि तपासनीसांच्या मनात पाल चुकचुकली. रविवारी सकाळी दार लोटून ते बसले आणि ऐकून ऐकून चार ओळी त्यांनी कागदावर उतरवल्या.

टेबलाला खुर्च्या चार, जेवायला तिघं.
चौथी पुसून ठेवतात, नाव कोणी काढत नाही.
दार ज्यानं लावलं, तोच विचारतो,
घरात एवढा गार वारा कुठून येतो.

आता याला काय म्हणायचं? त्यांच्या घरात टेबलाला चारच खुर्च्या होत्या. जेवायला तिघंच होती. मुलगा सहा वर्षांपूर्वी भांडून घराबाहेर पडला, त्याने मागे वळूनही पाहिलं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तसं तपासनीसांनीच सांगितलं होतं. घरचा फोन नंबर त्यांनी त्याच आठवड्यात बदलून घेतला होता आणि खालच्या पत्रपेटीची किल्ली तेव्हापासून त्यांच्याच खिशात असे. बायकोने वर्षभर डोळे सुजवून घेतले. मग लेकाला आपली आठवणही नाही, असं तिने एकदाचं मनाला समजावलं. घर कसंबसं रुळावर आलं होतं. ते पुन्हा घसरलं तर बायको आपलं तोंडही पाहणार नाही, ही धास्ती त्यांना होती.

शिवाय पुरावा एवढाच नव्हता. गेल्या महिन्यात मुलगी फाटकापाशी पोस्टमनशी बोलत उभी होती. चांगली पाच मिनिटं. त्याआधी तिने जेवताना सहज विचारल्यासारखं विचारलं होतं, दादा गेला ते साल कुठलं? तेव्हा त्यांनी विषय बदलला होता. आता सगळं जुळत होतं. कुठेतरी नक्की पाणी मुरत होतं.

ते कागद घेऊन बाहेर आले. मायलेकी खोलीच्या दोन टोकांना उभ्या राहून धुतलेल्या चादरीची घडी घालत होत्या. तपासनीस मधोमध जाऊन उभे राहिले. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि या खुर्च्या कुणाच्या घरातल्या, म्हणून विचारलं. मुलीला हसू आलं. बाबा, गाणं आहे ते, जबाब नाही, असं म्हणून तिने आपलं टोक ताणून धरलं. त्यांनी दुसरी ओळ वाचली. ती काही बोलली नाही. बाबा आज आपलं गाणं एवढं लक्ष देऊन ऐकतायत, या नवलातच ती होती. तपासनीसांना मात्र हे गप्प बसणं ओळखीचं वाटलं. पुरावा हातात असलेला माणूसच इतका शांत राहतो, हे त्यांनी शंभरदा पाहिलं होतं.

“दार ज्यानं लावलं,” त्यांनी तिसरी ओळ वाचली. “हा टोमणा कुणाला, ते न कळण्याइतका मी खुळा नाही. पोस्टमनने सांगितलं ना तुला? मग सरळ विचारायचं होतंस. गावभर गात कशाला सुटलीस? त्याची पत्रं मी हौसेने परत नाही पाठवली. रोज रडली असती तुझी आई. या घराच्या भल्यासाठीच केलं मी ते.”

मुलीच्या हातातलं चादरीचं टोक खाली आलं.

“बाबा,” ती म्हणाली, “हे गाणं आमच्या ड्रमवाल्याचं आहे. त्याच्या आजोबांनी आत्याला घराबाहेर काढलं होतं, त्यावर लिहिलंय त्याने. आणि पोस्टमनला मी पासपोर्ट कधी येईल ते विचारत होते.”

तपासनीसांनी कागदाकडे पाहिलं. चारही ओळी त्यांनी पुन्हा वाचल्या. पत्र हा शब्द त्यात कुठेच नव्हता. ते बायकोकडे वळले. ती ओरडेल, रडेल, निदान जाब तरी विचारेल, असं त्यांना वाटलं.

तिने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. चादर छातीशी घट्ट धरून ती लेकीकडे बघत होती आणि सहा वर्षांत पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग चढला होता.

“म्हणजे,” ती म्हणाली, “तो मला लिहीत होता.”