त्र्याऐंशी निर्व्यसनी

आमच्या कर्करोग नोंदणी कार्यालयात टेबलावर गेल्या वर्षभरात शहरात कर्करोगाने गेलेल्या दोनशे चौदा माणसांचे फॉर्म होते, इस्पितळात दाखल करताना नातेवाइकांनी भरलेले. त्र्याऐंशी फॉर्मांवर व्यसनाच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलं होतं. “सगळे संतच गेले म्हणायचे!” सहकारी हसला. मीही हसले आणि पुढचा फॉर्म उचलला. त्यावरचं अक्षर माझं होतं. मागच्या वर्षी तो भरताना बाबा माझ्याकडेच बघत होते. बाहेर जाऊन आईला फोन लावला. “आई, बाबा दिवसाला किती सिगारेटी ओढायचे?” “गेलेल्या माणसाचं कशाला उकरून काढतेस?” “फॉर्मवर मी खोटं लिहिलंय.” “वीस,” ती म्हणाली. “तूच तर आणून द्यायचीस. उरलेल्या पैशांचं चॉकलेट घ्यायचीस.” परत येऊन मी ‘नाही’ खोडलं, ‘दिवसाला वीस सिगारेटी’ लिहिलं आणि सही केली. “मग संत किती?” सहकाऱ्याने विचारलं. “ब्याऐंशी.”