पायाखालचं गवत

"गवत बघूक कॅमेरो कित्याक? माज्या पायांक सगळा म्हायत आसा," असं म्हणत शेवंतीकाकी गुडघाभर पाण्यातून चालत आल्या आणि आमच्या होडीत चढून थेट पडद्यासमोर बसल्या.

खाडीच्या तळाशी वाढणाऱ्या गवताचा नकाशा आम्हा स्वयंसेवकांना उद्यापासून करायचा होता. आज काठाजवळ रंगीत तालीम होती. पाइपच्या चौकटीला बांधलेला कॅमेरा आमच्यातल्या मृदुलाने पाण्यात सोडला. पडद्यावर आधी गढूळ, मग एकदम हिरवंगार. गेली चाळीस वर्षं काकी ओहोटीला याच गवतातून पलीकडच्या वाळूत तिसऱ्या, म्हणजे शिंपले, काढायला जातात. गढूळ पाण्याखालचं ते गवत पाहिलं मात्र आज पहिल्यांदा.

"अगो बाय, हलता बघ कसा! ह्येका फुलां येतत? ह्यो बारको मासो खंयचो?" त्यांचे प्रश्न थांबेनात.

तेवढ्यात हिरव्याच्या मधोमध उघड्या वाळूचा पट्टा दिसला. हातभर रुंद, सरळ. होडी पुढे गेली तरी संपेना.

"कुणाच्या तरी होडीचा नांगर घासलाय," म्हणत मृदुला तक्त्यात नुकसानीचं कारण लिहू लागली.

काकींनी मागे वळून आपल्या दारातला माड पाहिला, मग समोरची तिसऱ्यांची वाळू पाहिली.

"नांगर नको लिवू," त्या हळूच म्हणाल्या. "ती माजी वाट."

परतताना पाणी पुन्हा गुडघ्याएवढं झालं, पडद्यावर अजून हिरवंच होतं. मृदुलाने उतरायला हात पुढे केला. काकी जागच्या हलल्या नाहीत.

"माका धक्क्यार सोड," म्हणाल्या.