भोंगा

रत्नागिरीच्या बंदराजवळ कोळंबी गोठवण्याचा एक कारखाना होता. मनस्विनी तिथली सुरक्षा अधिकारी. नवा नियम आल्यापासून ती वरचेवर भोंगा वाजवून वायुगळतीचा सराव घ्यायची. त्या दुपारी मात्र पुढच्या मशीनरूममधला अमोनियाचा पाइप खरोखरच फुटला. भोंगा वाजवून ती धावत सोलणीच्या हॉलमध्ये आली. एकही बाई जागची हलली नव्हती.

"उठा, बाहेर पडा! गॅस सुटलाय!"

"मॅडम, परवाच तर धावलो," शेवंता हसत म्हणाली. "आमची मजुरी किलोवर. सारखं धावून कसं चालेल?"

"आज सराव नाही गो, खरंच फुटलाय पाइप. पाया पडते तुमच्या!"

मनस्विनीने तिचा हात धरून ओढला. शेवंताने तो सोडवून घेतला आणि पुढची कोळंबी उचलली. मशीनरूममधला पांढरा धूर अजून इथवर पोचला नव्हता, पण पोचायला वेळ लागणार नव्हता. काय केलं म्हणजे या उठतील, मनस्विनीला सुचेना. मग ती जीव खाऊन ओरडली, "लेबर इन्स्पेक्टर आलाय!"

टोपल्या कलंडल्या. सगळ्या बायका मागच्या दाराने धावत सुटल्या आणि बघता बघता हॉल रिकामा झाला.

हजेरीपटावर त्यांच्यातल्या एकीचंही नाव नव्हतं. इन्स्पेक्टर आला की कुठून पळायचं, हे मालकांनी त्यांना कामाच्या पहिल्याच दिवशी शिकवलं होतं.