आईकडून आलेलं

डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक पेशी काढली आणि तिच्या पोटात शेंगदाण्यांसारखे काही आकार काढले. "या तंतुकणिका. खाल्लेल्या अन्नातून त्या शरीराला लागणारी ऊर्जा तयार करतात. मैथिलीच्या पेशींत हे काम नीट होत नाही, म्हणून ती लगेच थकते."

अकरा वर्षांची मैथिली कागदावर वाकली. "माझ्यात या आल्या कुठून?"

"आईकडून. सगळ्यांना त्या आईकडूनच मिळतात."

वैजयंतानं मान खाली घातली. शेजारी बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, "तरीच! आईचा आळशीपणा लेकीत उतरला म्हणायचा."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "वैजयंताताई, तुम्हालाही थकवा येतो का?"

लग्नाला चौदा वर्षं झाली होती, पण हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. "चार भाकरी थापल्या की हात गळून जातात," ती हळूच म्हणाली. "मला वाटायचं, मीच आळशी आहे."

"हा आळस नसावा. तुमचीही तपासणी करू."

बाहेर आल्यावर वैजयंता जिन्याकडे वळली. सासूबाईंनी तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि रखवालदाराला विचारलं, "इथं लिफ्ट कुठं आहे हो?"