माग थांबले तेव्हा

मुकादमाने मुख्य खटका खाली ओढला आणि सगळे माग एकदम थांबले.

असं कधी होत नसे. एक पाळी सुटली की दुसरी तेच माग हातात घ्यायची. एखादा दुरुस्तीला थांबला तरी बाकीचे धडधडत राहायचे. त्या आवाजात कानाला तोंड लावून ओरडलं तरी काही कळत नसे. म्हणून कापडाच्या त्या कारखान्यात सगळा कारभार हातांनी आणि ओठांनी चालायचा. धागा तुटला, सुताची कांडी संपली, पोट दुखतंय, सासू येऊन बसलीय, सगळ्याला खूण होती. माणसांनाही खुणाच होत्या. मिशीवरून बोट फिरवलं की मुकादम. गालात बोट रुतवलं की खळीवाली. आणि कपाळावर दोन बोटं आडवी धरली की थोरली. तिच्या भुवया जाड होत्या, आणि आज तिचा इथला शेवटचा दिवस होता. लेक दुसऱ्या गावी बाळंत झाली होती. नवरा-बायको आता तिकडेच राहायला निघाली होती.

माग थांबवायची कल्पना खळीवालीची. ती थोरलीच्या शेजारच्या मागावर होती आणि काम थोरलीनेच तिला शिकवलं होतं. तिचं पहिलं मूल पोटातच गेलं, तेव्हा भेटेल तो तिला समजुतीच्या चार गोष्टी सांगत होता. थोरलीने काहीच सांगितलं नाही. तिच्या तोंडाकडे बघत, नजर जराही न हलवता, सगळं ऐकून घेतलं. असं ऐकून घेणारं माणूस खळीवालीला पुन्हा भेटलं नव्हतं.

पण या बाईचा आवाज कसा आहे, हे तिला ठाऊक नव्हतं. पाळी सुटली की थोरलीचा नवरा सायकल घेऊन फाटकाशी उभाच असायचा. ती मान खाली घालून मागे बसायची आणि जायची. कुणी मागून हाक मारली तरी वळायची नाही. बाहेर पडली की शिष्ट होते, असं बायका म्हणायच्या. शेवटी खळीवाली मालकाकडे गेली आणि हट्टच धरून बसली. "निघताना तरी एकमेकींचा आवाज ऐकू दे हो." सगळ्यांचा चहा होईपर्यंत माग बंद ठेवायला मालक कसाबसा तयार झाला.

आणि आता ते बंद होते. सगळे दचकून उभे राहिले. छताला कबुतरं होती, हे आज कळलं. कोपऱ्यातला नळ ठिबकत होता, तेही. कुणीतरी खाकरलं आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले. माग दुरुस्त करणाऱ्या धिप्पाड जॉबरचा आवाज पोरीसारखा बारीक निघाला.

"अगं बाई, हा तुमचा आवाज?" एकजण म्हणाली आणि हसून हसून सगळ्यांची पुरेवाट झाली.

थोरली पाठमोरी उभी होती. आपल्या मागाच्या लोखंडावर तिने तळवा टेकवला होता. खळीवाली तिच्या मागे जाऊन थांबली.

"ताई," ती म्हणाली.

थोरली वळली नाही.

"ताई! अहो ताई, इकडे बघा ना!"

हसणं हळूहळू थांबलं. खळीवालीने तिच्या खांद्याला हात लावला. थोरली वळली, हसली, आणि तिची नजर सवयीने खळीवालीच्या ओठांवर गेली. मग तिने भोवतालचे चेहरे पाहिले. ते सगळे गप्प होते. तिचं हसू मावळलं.

"कधीपासून?" खळीवालीने विचारलं.

थोरली तोंडाने बोलली. आवाज सपाट होता आणि हवा त्यापेक्षा खूप मोठा. "लहान होते. ताप आला होता. तेव्हापासून काही ऐकलेलं नाही. सांगितलं असतं तर कामाला घेतलं असतं कुणी?"

मुकादम मटकन बाकड्यावर बसला. जुन्या माणसांपैकी आता तोच उरला होता.

"ही यायच्या आधी आम्ही नुसते ओरडायचो," तो म्हणाला. "घसे बसायचे. कामापलीकडे कुणी कुणाशी बोलायचं नाही. ही आली आणि हाताने कांडी मागायला लागली. मला वाटलं, घसा जपतेय. मग मीही तसंच करायला लागलो. मग सगळेच."

खळीवालीने आपले हात वर धरून पाहिले. याच हातांनी ती इथे भांडली होती, चहाड्या केल्या होत्या, मेलेल्या लेकराबद्दल बोलली होती. बाकीचेही आपापल्या हातांकडे बघत होते. ते कुणीतरी आत्ताच आणून दिल्यासारखे.

थोरलीला त्यातलं काही कळलं नाही. मुकादम खाली मान घालून बोलला होता. ती एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिली, मग तिने पिशवी उचलली आणि पदर सावरला. इतकी वर्षं ती या छपराखाली चारचौघींसारखी होती. आता त्या शांततेत ती एकटीच बहिरी होती.

खळीवाली पळत सुटली. खटक्याजवळ पोचली आणि दोन्ही हातांनी तिने तो वर ढकलला.

"अगं, अजून चहा व्हायचाय!" दाराशी उभा असलेला मालक ओरडला.

मुकादम उठला. त्याने सगळ्यात जवळच्या मागाचा दांडा ओढला. जॉबरने दुसऱ्याचा ओढला. मग जो तो आपापल्या मागाकडे धावला. सुताचे धोटे इकडून तिकडे पळायला लागले. जमीन थरथरली. थोरलीने चमकून वर पाहिलं.

आता कुणालाच काही ऐकू येत नव्हतं. निरोपाला सुरुवात झाली.