कमरेचा पट्टा
आईच्या कमरेच्या पट्ट्यावरचा लाल दिवा पावलागणिक लागत होता. भातलावणीत बायकांची पाठ धरू नये म्हणून दीक्षाने तो प्रयोगशाळेत बनवला होता. “मी काय म्हातारी हाय?” म्हणत आईने दोन वर्षं टाळलं, आज कळंबच्या खाचरात एका ओळीपुरती कबूल झाली होती.

“काय म्हणतंय गं तुझं मशीन?”

“तुझं चालणं चुकतंय म्हणतंय.”

“अगं, लावणी मागं मागं सरकत करतात! शिकून इसरलीस काय?”

प्रयोगशाळेत पट्टा तपासताना दीक्षाने सगळ्यांना पुढेच चालवलं होतं. तिने कपाळावर हात मारला आणि ओशाळून पट्टा सोडायला वाकली.

आईने तिचा हात बाजूला सारला.

“राहू दे. यंदाची सगळी लावणी यातच करीन. नाय तर तुझ्या चुका काढणार कोण?”